'गावगाडा' आणि नवे बलुते

मराठीत खेड्याचे वर्णन करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. खेड्याचा हिशेब मांडणारी मात्र थोडी. या थोड्यांत त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या ग्रंथास अग्रस्थान द्यावे लागेल. १९१५ साली तो प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून आजवर खेड्याविषयी गंभीरपणे लिहू पाहणाऱ्या प्रत्येकास त्याच्या दारावरून जावे लागले आहे. असे असता शंभराहून अधिक वर्षांच्या जुन्या ग्रंथाचे परीक्षण आता पुन्हा कशासाठी, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर असे की, कारागिरांस राज्याने साहाय्य कोणत्या रीतीने करावे हा प्रश्न आपल्यापुढे नव्याने उभा आहे. आणि त्या प्रश्नाची जी गाठ अद्याप सुटलेली नाही, तिच्यावर आत्र्यांनी त्या काळीच बोट ठेविले होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांची यादी 'गावगाड्या'तील कारू-नारूंच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहावी. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट ही मंडळी दोन्हीकडे भेटतात. मधल्या काळात राज्य बदलले, घटना आली, वतने गेली. पण कारागिराकडे पाहण्याची आपली दृष्टी कितपत बदलली, हे पाहण्यास याहून चांगला आरसा मिळणार नाही.

प्रथम ग्रंथाविषयी. आत्रे हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. खेडेगावचे दप्तर आणि खेडेगावचा माणूस या दोहोंशी त्यांचा नित्याचा संबंध आलेला. त्यामुळे त्यांच्या लेखनात खेड्याविषयीचा तो सुखासीन उमाळा नाही, जो शहरात राहून खेड्याची आठवण काढणाऱ्यांच्या लेखनात हटकून येतो. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, या दोहोंमध्ये कोण कोणासाठी काय करतो, त्याबद्दल कोणास काय मिळते, आणि या देवघेवीत अखेर भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे ते एखाद्या चोख कारकुनाप्रमाणे टिपीत जातात. भाषा रोकडी आहे. गावातले शब्द ते गावातूनच उचलतात. त्यांस संस्कृताचे शेलेपागोटे चढवीत नाहीत. आज आपणांस यांतील अनेक शब्दांसाठी कोश उघडावा लागतो, हा दोष ग्रंथाचा नव्हे.

ग्रंथाचा गाभा म्हणजे बलुतेपद्धतीची चिकित्सा. ज्या वाचकांस ही पद्धती केवळ नावाने ठाऊक असेल, त्यांच्यासाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. सुताराने कुणब्याचा नांगर घडवावा, लोहाराने फाळ शेवटावा, चांभाराने मोट शिवावी. त्या-त्या कामाचे पैसे त्या-त्या वेळी मिळावयाचे नाहीत. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन ठरलेल्या पेंढ्या किंवा धान्य उचलावयाचे. हक्क वंशपरंपरेचा, त्याचे प्रमाण थोरली, मधली व धाकटी अशा ओळींनी नेमलेले. काम थोडे निघाले की अधिक, चांगले झाले की वाईट, यावर वाटा ठरत नसे. तो जन्माने ठरे. दुसऱ्या गावचा चांगला सुतार येऊन गावात बसू म्हणेल तर त्यास वाव नाही, आणि गावच्या सुताराचा मुलगा दुसरे काही करू म्हणेल तर त्यास वाट नाही.

या पद्धतीवर आत्र्यांचा कटाक्ष तीव्र आहे. हक्क कामापासून सुटला की काम निकृष्ट होते. घराणे वाढून वाटण्या झाल्या की एका कामाचे मागणारे अनेक होतात आणि करणारा सापडत नाही. आणि मग कुणबी खळ्यावरही देतो व काम अडले की वरूनही देतो, असा त्यांच्या विवेचनाचा एकंदर रोख आहे. काम पाहून दाम द्यावा, आणि धंदा ज्यास येतो त्यास तो करू द्यावा, ही त्यांची दिशा. १९१५ साली, ज्या काळी प्राचीन ग्रामसंस्थेचे गोडवे गाणे हा देशाभिमानाचाच भाग समजला जाई, त्या काळी एवढे स्पष्ट लिहिण्यास धैर्य लागले असले पाहिजे.

परंतु ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे, आणि ती न सांगणे म्हणजे परीक्षकाच्या कर्तव्यास चुकणे होईल. आत्र्यांनी बलुत्याकडे देणाऱ्याच्या बाजूने पाहिले. घेणाऱ्याच्या बाजूने फारसे पाहिले नाही. कुणब्याचे खळे रिते होताना त्यांस दिसते. पण त्या खळ्याच्या कडेला हात पसरून उभे राहावे लागणे म्हणजे काय, हे त्यांच्या पानांतून पुरते उमटत नाही. फिरस्त्या जमातींविषयी लिहिताना तर त्यांची लेखणी निष्ठुर होते. 'गुन्हेगार जाती' हा त्यांचा दुसरा ग्रंथ ज्या दृष्टीतून लिहिला गेला, त्याच दृष्टीची ही सावली होय. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि त्या विचाराचा पाया किती पोकळ होता हे आता निराळे सांगावयास नको.

ही उणी बाजू भरून काढली ती डॉ. आंबेडकरांनी. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून महार वतनदारांस वतनाच्या जोखडातून सुटण्याची वाट द्यावी, असे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडले. वतन हा मान नसून चोवीस तासांच्या चाकरीचा पाश आहे, हे त्यांचे म्हणणे. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. आत्रे म्हणतात, बलुत्याने देणारा नागवला जातो. आंबेडकर म्हणतात, वतनाने घेणारा बांधला जातो. वरवर ही दोन विधाने परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. निर्वाहाची हमी जेव्हा 'तू जेथे आहेस तेथेच राहा' या अटीवर मिळते, तेव्हा ती देणाऱ्यासही जड होते आणि घेणाऱ्यासही. 'गावगाड्या'तून आजच्या धोरणकर्त्यांनी घ्यावयाचा धडा तो हाच.

आता कोणी म्हणेल की बलुत्याने कारागीर जगविला, ही गोष्ट का विसरता? आम्ही ती विसरत नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९२४) शहरातील व खेड्यातील कारागिरांत स्पष्ट भेद केला आहे. दरबारे बुडाली, परकी सत्तेबरोबर लोकांच्या आवडीनिवडी पालटल्या आणि यंत्राचा माल आला, तेव्हा शहरातील नामांकित कलावंतांचे धंदे बसले. खेड्यातला साधा कुंभार-सुतार मात्र गावच्या देवघेवीत गुंतलेला असल्यामुळे अधिक काळ तग धरून राहिला. हे खरेच आहे. पण तग धरणे निराळे आणि वाढणे निराळे. ज्या खुंट्याने त्यास पुरात वाहू दिले नाही, त्याच खुंट्याने पूर ओसरल्यावरही त्यास चालू दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर राज्याने लहान उद्योगास हात देण्याचे ठरविले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीसाठी ग्रामोद्योग व लघुउद्योगांचा विचार करणारी जी समिती १९५५ साली नेमली गेली, तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे हे होते. त्यांच्यापुढील चिंता खरी होती: मोठी यंत्रे आली तर लक्षावधी हात रिकामे पडतील, म्हणून बदल सोसवेल अशा वेगाने व्हावा. हा हेतू आजही आम्हांस आदरणीय वाटतो. पण हेतू आणि साधन यांत अंतर असते. पुढे साधन म्हणून जे पत्करले गेले, ते जुन्या बलुत्याचेच नवे रूप ठरले. १९६७ साली ४७ वस्तू केवळ लघुउद्योगांनीच कराव्यात असे ठरले; वाढता वाढता ही यादी ८०० च्या पलीकडे गेली. लोणचे, पाव, मेणबत्ती, उदबत्ती, काचेच्या बांगड्या, लाकडी सामान, शाळेच्या वह्या अशा गोष्टी त्या यादीत होत्या.

या राखीव यादीची अट काय, तर यंत्रसामग्रीतील भांडवल ठरावीक मर्यादेच्या आत असले पाहिजे. म्हणजे खळ्यावरचा वाटा मिळेल, पण धाकट्या ओळीतून उठावयाचे नाही! ज्याचा धंदा चांगला चालला, त्याच्यापुढे दोनच मार्ग उरत: वाढ थांबवावी, किंवा एकाचे तीन कारखाने भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावाने कागदावर करावे. पहिल्याने उद्योग खुंटला. दुसऱ्याने सचोटी खुंटली. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १ एप्रिल २००१ पर्यंत आयातीवरील संख्येचे निर्बंध उठले, पण यादी मात्र पुष्कळशी तशीच होती. म्हणजे जी वस्तू देशातील मोठ्या कारखान्याने करावयाची नाही, ती परदेशातील त्याहून मोठ्या कारखान्याने करून येथे विकावयास हरकत नव्हती. १९९७ साली आबिद हुसेन समितीने ही राखीव पद्धत मोडावी अशी शिफारस केली होती. यादी हळूहळू आखडत गेली आणि अखेरच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये मोकळ्या झाल्या. कुंपणाआड जवळजवळ अर्धे शतक राखलेले रोप, कुंपण काढले तेव्हा फारसे उंच झालेले नव्हते.

कापडाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने हा अनुभव अंगावर घेतला आहे. हातमागास वाचवावे म्हणून १९५६ साली गिरण्यांच्या मागांच्या वाढीस बांध घालण्यात आला. गिरणी थांबली, पण तिने सोडलेली जागा हातमागास मिळाली नाही. ती भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागाने घेतली. यंत्रमाग हाही लहानच उद्योग, आणि त्याने हजारोंस अन्न दिले, हे खरे. पण ज्याच्या नावाने धोरण आखले तो विणकर मागेच राहिला. १९८५ साली काही वाणांचे कापड हातमागावरच विणावे असा कायदा झाला. आरंभी २२ वाणे राखीव होती. पुढे ती ११ वर आली. गिरण्यांनी हातमागासाठी सुताचा काही भाग लडीच्या रूपात काढावा, अशीही सक्ती आहे. परंतु लडीचे सूत पुन्हा कोनावर गुंडाळून यंत्रमागावर चढविणे कठीण नसते, आणि राखीव वाणाचे कापड कोठे विणले गेले हे प्रत्येक मागापाशी जाऊन पाहणारा अधिकारी कधीच पुरेसा नसतो. २०१९-२० च्या हातमाग गणनेत विणकर व त्यांचे साहाय्यक मिळून सुमारे ३५ लाख माणसे मोजली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत होते. ज्यांच्या संरक्षणासाठी एवढे बांध घातले, त्यांच्या पदरात पडलेले माप ते हे.

या पार्श्वभूमीवर २०२३ च्या योजनेकडे पाहावे. तिच्यात चांगले पुष्कळ आहे, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. हत्यारांसाठी १५,००० रुपये, शिकताना दिवसास ५०० रुपये, आणि तारणावाचून प्रथम १ लाखापर्यंत व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, तेही ५ टक्के व्याजाने. ज्यास सावकाराचे दार ठाऊक आहे त्यास याची किंमत समजेल. यात जातीची अट नाही, वस्तू राखून ठेवलेली नाही, आणि कोणाच्या वाढीस बांध घातलेला नाही. एवढ्यापुरती ही योजना जुन्या यादीहून निश्चितच पुढची होय.

तथापि तिच्या पोटात आत्र्यांच्या गावचा एक अंश शिल्लक आहे. तिला पात्र कोण, तर कुटुंबपरंपरेने चालत आलेल्या, नेमून दिलेल्या १८ व्यवसायांतील कारागीर. आणि तोही एका कुटुंबातला एकच. कुंभाराच्या घरी चाकावर बसणारा नवरा आणि माती मळून, रंगवून, बाजार करणारी बायको, हे दोघे मिळून एकच कारागीर ठरतात. घरातले एक माणूस सरकारी चाकरीत लागले, तर दुसऱ्यास ही मदत बंद. लाभ अनेक घरांत पोहोचावा हा या नियमांचा हेतू असेल. पण परिणाम असा की कारागीर ही एक व्यक्ती न राहता पुन्हा एकदा 'घराणे' होते. परंपरेचा मान राखणे चांगले. मात्र परंपरा हे पात्रतेचे प्रमाणपत्र झाले की ते वतनाच्या सनदेसारखे दिसू लागते.

शिवाय अडचण कोठे आहे याचे निदान हत्यार व कर्ज एवढ्यावर थांबते. आमच्या मते कारागिराचा श्वास कोंडतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे उधारी. माल आज द्यावयाचा आणि पैसे सहा महिन्यांनी. बलुतेदार निदान सुगीची वाट पाही, याला सुगी केव्हा येणार हेही ठाऊक नसते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे ठरविले. नियम उत्तम. पण एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध फिर्याद कोण करील? म्हणून १ एप्रिल २०२४ पासून अंमलात आलेली आयकरातील तरतूद आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च म्हणून वजा मिळावयाचा नाही. येथे दुबळ्यास भांडावे लागत नाही. थकविणाऱ्याच्या स्वार्थासच योग्य दिशा दिली आहे. सुधारणा म्हणतात ती अशी.

दुसरे ठिकाण म्हणजे खऱ्याखोट्याची पारख. येवल्याच्या हातमागावरची पैठणी महिनोन् महिने विणली जाते; यंत्रमागावरची तिची नक्कल दुकानात तिच्याच शेजारी टांगलेली असते, आणि गिऱ्हाइकास फरक कळत नाही. अशा स्थितीत खरा माल खोट्याच्या भावात ओढला जातो. येथे राज्याने कोणास काही विणावयाची बंदी करण्याऐवजी खुणेची शाश्वती द्यावी. भौगोलिक नामाची नोंदणी हा त्याचा एक मार्ग. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली ती मिळाली. महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्हे मिळून हा मान आहे. पण २०२५ च्या जूनमध्ये मिलान येथे एका विख्यात इटालियन फॅशनगृहाने तशाच घडणीची पादत्राणे प्रथम कोल्हापूरचे नावही न घेता मांडली, तेव्हा या संरक्षणाची सीमा सर्वांच्या ध्यानात आली. कायदा नावाचे रक्षण करतो, घडणीचे नाही. आणि नोंद कागदावर झाली तरी प्रत्येक जोडीवर ती खूण लावण्याची, तपासण्याची व खोट्यास दंड करण्याची यंत्रणा नसेल, तर तो मान भिंतीवरच्या तसबिरीसारखा राहतो.

तिसरे ठिकाण म्हणजे पायरी. लहान असताना सवलत आणि मोठे होताच ती एकदम बंद, ही रचना बदलून उतार सौम्य केला पाहिजे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत अडीच कोटी व उलाढालीत १० कोटी रुपये अशी वाढविली गेली. मर्यादा वाढली हे ठीक; पण कुंपण दूर सरकविणे आणि कुंपणास फाटक ठेवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. शिवाय १० कोटींची उलाढाल असणारा कारखानदार आणि चार जोड चपला शिवून आठवड्याचा बाजार करणारा कारागीर हे दोघे एकाच नावाखाली आले, तर सवलत कोणाच्या हाती आधी लागेल हे सांगावयास ज्योतिषी नको.

या धोरणाच्या चर्चेत कारागिराचा आवाज मात्र क्षीण होत आहे, ही खेदाची गोष्ट. १९५२ साली स्थापन झालेले अखिल भारतीय हस्तकला मंडळ, ज्याचे नेतृत्व कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी केले, ते २०२० साली बरखास्त करण्यात आले. मंडळे पुष्कळदा निरुपयोगी असतात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण निरुपयोगी सभागृहास उत्तर म्हणून सभागृहच मोडणे, हे काही सुधारणेचे लक्षण नव्हे.

अखेर आत्र्यांच्या ग्रंथाकडे वळू. तो देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे, असे आम्ही वर म्हटले. पण ज्या सुशिक्षित कुटुंबांत हे पान वाचले जाईल, तीही देणाऱ्यांचीच कुटुंबे आहेत. खळे गेले, त्याच्या जागी दुकान, प्रदर्शन आणि सणाची खरेदी आली. प्रदर्शनात कारागिराची स्तुती करावयाची आणि भाव करताना त्यास घासाघीस करून खाली आणावयाचे. घरच्या सुतारास 'पुढच्या महिन्यात ये' म्हणावयाचे आणि त्याचा मुलगा सुतारकाम सोडून गेला की कला बुडाली म्हणून हळहळावयाचे. ही आपली रीत. त्या मुलाने धंदा सोडला तर त्याचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. त्याने धंदा धरला तर त्याचे पोट भरावे, आणि धंदा वाढला तर कोणी त्यास शिक्षा करू नये, एवढीच व्यवस्था राज्याने करावयाची आहे; आणि कामाचा दाम कामाच्या वेळी देणे, एवढेच आपण करावयाचे आहे.

'गावगाडा' आज वाचावा तो यासाठी. त्यातील काही मते टाकून द्यावी लागतील, काही पाने वाचताना मन विटेल. पण गोड बोलून कोणाचे भले होत नाही, हिशेब मांडूनच होते, ही त्याची शिकवण अद्याप जुनी झालेली नाही. कारागिराविषयी कळवळा असणाऱ्या प्रत्येकाने तो संग्रही ठेवावा. आणि ज्यांच्या हाती योजनांचे मसुदे करणे आहे, त्यांनी तर मसुदा लिहिण्यापूर्वी एकदा अवश्य वाचावा.